कुरजां आल्या

(मंडळाच्या गेल्या कोजागिरी संमेलनात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. अनेक सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बजावलंय की दूध आटेपर्यंत बोला. दूध किती लिटर आहे हे मात्र त्यांनी सांगितलेलं नाही, त्यामुळे भाषण किती लांबवायचं याचा मला काही अंदाज नाही. मी वक्ता नाही. सोलापूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून रुळांवरून चालतोय. आजवर जी काही भाषणं केली ती गँगच्या लोकांपुढे, लाल झेंडी कुठे लावायची आणि गाडी आली की कुठे उभं राहायचं एवढ्यापुरती. तरी आज बोलायला उभा राहिलो, कारण विषय माझ्या आवडीचा आहे. विषय आहे पक्षी. त्यातही एकच पक्षी, जो आत्ता, या चांदण्यात, आपल्या डोक्यावरून जात असू शकतो.

आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे की मी आठ वर्षं फलोदीला होतो. २००९ साली ऑर्डर हातात पडली तेव्हा मी नकाशात फलोदी शोधली आणि सौ.ना म्हटलं, "काळं पाणी म्हणतात ते हेच." त्यावर ती म्हणाली, "तिथे निदान पाणी तरी होतं!" इथून म्हणजे जोधपूरहून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण वाटतं हजार किलोमीटर. वाळू, आक, खेजडी आणि मधून जाणारी आपली लाईन. वारा सुटला की रुळावर वाळू चढते, ती फावड्याने ओढायची. आणि ऊन? १९ मे २०१६ या दिवशी फलोदीला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. देशातला उच्चांक! त्या दिवशी मी तिथे ड्यूटीवर होतो हे मी पुढची वीस वर्षं सांगत राहणार आहे. हवा ५१ असेल तर रूळ किती तापत असेल ते आपले पी-वे वाले मित्र जाणतात. लांब वेल्ड केलेला रूळ तापला की सरकायला जागा शोधतो, आणि नाही मिळाली तर वाकतो. म्हणून उन्हाळाभर दुपारची गस्त. आमचं वर्ष असं दोन गस्तींत वाटलेलं असतं. उन्हाळ्यात रूळ वाकेल म्हणून आणि थंडीत रूळ तडकेल म्हणून. या दोन्हींच्या मधे थोडे दिवस बरे जातात. माझा पक्षी नेमका त्या दिवसांत येतो.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. गणपतीला गावी, बार्शीला, जायचं ठरवलं होतं. पण भादव्यात रामदेवऱ्याची जत्रा असते आणि ती बरोबर आपल्या गणपतीच्या पंधरवड्यात येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रजेचा अर्ज साहेबांनी वाचलासुद्धा नाही. लाखो माणसं पायी, सायकलवर, गाडीच्या टपावर बसायला निघालेली, हातात झेंडे, आणि लाईनच्या कडेकडेनेच चालायचं वेड! त्या दिवसांत लाईनवरच्या माणसाला रजा मागणं म्हणजे दिवाळीत हलवायाने सुट्टी मागण्यासारखं. तेव्हा गणपती घरीच बसवायचं ठरलं. मूर्ती कुठे मिळणार? सौ.नी कुंभाराकडून माती आणली आणि स्वतःच घडवली. सोंड जरा आखूड झाली होती, पण नाक सरळ होतं, असं आमची दोन वर्षांची कन्या मोठी झाल्यावर फोटो बघून म्हणते.

दीड दिवसाचा गणपती बादलीत विसर्जन केला. त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी पहाटे पुश ट्रॉलीवर निघालो होतो. मन काही थाऱ्यावर नव्हतं. आदल्या रात्री आईशी फोनवर बोललो होतो, तिकडे गौरी जेवल्या होत्या आणि पानावर माझी जागा रिकामी होती. ट्रॉलीवर आमचे एक वयस्क ट्रॉलीमन होते, सगळे त्यांना बासा म्हणत. मारवाडात वडीलधाऱ्याला असंच म्हणतात. चालता चालता बासांनी ट्रॉलीला ब्रेक लावला. मला वाटलं फिशप्लेट बघितली की काय. तर ते वर बघत होते. म्हणाले, "साब, कुरजां आयगी."

मला आधी काही दिसलंच नाही, ऐकू आलं. कुर्र, कुर्र असा, घशातून येणारा, दूरवर पोचणारा आवाज. एक थांबला की दुसरा. जसं भजनात एकाने ओळ सोडली की दुसरा उचलतो. मग दिसली, खूप उंच, काळ्या दोऱ्याची एक वेडीवाकडी ओळ. मोजल्या, तेवीस होत्या. बासांनी पागोटं नीट केलं आणि हात जोडले. पाव्हणे आले की करतात तसे.

मंडळी, कुरजां म्हणजे इंग्रजीत डेमॉइझेल क्रेन. आपल्याकडे त्याला करकोचा म्हणतात, जुनी माणसं कांड्या करकोचा म्हणतात. क्रौंच हा संस्कृत शब्द घासत घासत इकडे कूंज, कुरजां झाला. करकोच्यांच्या जातींतला हा सगळ्यांत लहान, तरी उभा राहिला की कमरेच्या जरा खाली येतो, आणि पंख पसरले की दीड मीटरच्या वर भरतो. वजन मात्र दोन-तीन किलो. राखाडी अंग, काळी मान, छातीवर लोंबणारी काळी पिसं, आणि डोळ्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा तुरा. डोळा लाल. चालतो असा की जणू लग्नघरातली करवली. या मारवाडात बायका त्याच्या नावाने गाणी म्हणतात. नवरा परदेशी गेलेला, आणि बायको कुरजांला विनवते की माझा निरोप पोचव. बासांनी मला ते अर्ध गाऊन दाखवलं आणि अर्ध्यावर लाजले.

फलोदीपासून चार-पाच किलोमीटरवर खीचन नावाचं गाव आहे. लाल दगडाच्या हवेल्यांचं गाव, त्यातल्या निम्म्या हवेल्यांना कुलुपं, कारण मालक व्यापाराला दूर गेलेले. (त्या अर्थाने ते आपल्याच जातकुळीचं गाव आहे.) तिथे १९७० च्या दशकात रतनलाल मालू नावाच्या गृहस्थांनी पाखरांना दाणे टाकायला सुरुवात केली. कबुतरं, खारी, चिमण्या येत. मग शरदात थोड्या कुरजां उतरल्या. त्यांनाही दाणे मिळाले. पुढच्या वर्षी जास्त आल्या. गावाने जागा दिली, कुत्री येऊ नयेत म्हणून कुंपण झालं, त्याला चुग्गाघर म्हणतात. आज थंडी भरात आली की हजारोंनी कुरजां तिथे असतात. दाणा मुख्यतः ज्वारीचा, आणि पोती येतात देणग्यांतून. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिली तुकडी आणि मार्चमध्ये निरोप, हे वेळापत्रक इतकं पक्कं की आपल्या गाड्यांनी लाजावं. फलोदीचा सट्टा तुम्ही ऐकून असाल, तिथे पावसावरसुद्धा बोली लागते. आम्ही ऑफिसात दरवर्षी कुरजांच्या पहिल्या दिवसावर चहाची पैज लावायचो. मी एकदाही जिंकलो नाही, बासा दरवर्षी जिंकत.

बघायचं कुठून, तर चुग्गाघराला लागून असलेल्या घरांच्या गच्चीवरून. आमच्या एका की-मनचं सासर तिथे होतं, त्यामुळे गच्चीची सोय झाली. अंधारात जाऊन बसायचं, घोंगडी पांघरून. उजाडायला लागलं की क्षितिजावर ओळी दिसतात. एक, दोन, पाच, मग मोजायचं सोडून द्यायचं. त्या येतात आणि लगेच उतरत नाहीत, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही. वर घिरट्या घालतात, गावावरून एक फेरी, पुन्हा एक. काही बाहेरच्या मोकळ्या रानात उतरून चालत पुढे येतात, मान लांब करून कुंपणाकडे बघतात आणि थांबतात. कुणीतरी एक जण धीर करेपर्यंत बाकीचे नुसते बोलत राहतात. आपल्या सर्वसाधारण सभेत होतं तेच. एक आत उतरली की पाचच मिनिटांत जमीन दिसेनाशी होते. एक तुकडी खाऊन उडते, दुसरी उतरते. ऊन चढलं की सगळ्या पाण्याला जातात, रातडी नाडीवर नाहीतर विजयसागर तलावावर. तिथे पाणी पितात, बारीक खडे गिळतात आणि एका पायावर उभ्या राहून दुपार काढतात.

मी इंजिनियर माणूस, मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. दहा कुरजांचा तुकडा डोळ्यांनी धरायचा, असे दहा तुकडे म्हणजे शंभर, मग तेवढी रुंदी बोटाच्या पेराएवढी दिसते असं ठरवून सगळ्या थव्यावर पेरं मोजायची. रुळाखालची खडी मोजायची अशीच युक्ती आहे. ट्रॉलीच्या डायरीत शेवटच्या पानांवर माझ्या या नोंदी आहेत. एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी ती पानं उघडली आणि विचारलं, "ये चार सौ पचास क्या है, स्लीपर?" मी म्हटलं, "नाही सर, पक्षी." साहेब सज्जन होते. त्यांनी पान उलटलं.

या येतात कुठून? काळ्या समुद्रापासून ते मंगोलिया आणि उत्तर चीनपर्यंतच्या गवताळ प्रदेशात यांचं घरटं असतं. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर दोन अंडी. महिन्याच्या आत पिल्लू बाहेर येतं, दोन महिन्यांत उडायला लागतं, आणि तीन-साडेतीन महिन्यांचं झालं की आईबापांबरोबर निघतं. वाटेत हिमालय आहे. नेपाळात धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधून काली गंडकीची दरी जाते. दोन्हीकडे आठ हजार मीटरच्या वरचे डोंगर. तिथून हे थवे शरदात पार होताना दिसतात. वारा उलटा असेल तर माघारी फिरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न. सोनेरी गरुड टपून बसलेले असतात, ते थव्यातून थकलेलं पिल्लू वेगळं काढतात. मंगोलियातल्या कुरजांच्या अंगावर यंत्रं बसवून संशोधकांनी माग काढला, तेव्हा एक गंमत कळली. शरदात येताना त्या थेट तिबेट-हिमालयावरून येतात, पण वसंतात परतताना मात्र पश्चिमेकडून, पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या बाजूने, वळसा घालून जातात. वाऱ्याचा आणि खालच्या जमिनीवरच्या हवामानाचा हिशेब दोन्ही ऋतूंत वेगळा बसतो. म्हणजे अप आणि डाऊन लाईन वेगळ्या!

आमची कन्या पाच वर्षांची असताना गच्चीवर बसून तिने विचारलं, "बाबा, यांना रस्ता कोण सांगतं?" मी म्हटलं, आईबाबा. करकोचे एकदा आईबापांबरोबर जाऊन वाट शिकतात, हे खरं आहे. पहिल्या थंडीतलं पिल्लू ओळखता येतं, त्याचं डोकं फिकं असतं, तुरा भरलेला नसतो, आणि ते दोन मोठ्यांच्या मधे चालतं. यावर कन्येने लगेच विचारलं, "मग आपण बार्शीला दरवर्षी का नाही जात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

माझे वडील गेले त्या वर्षी आई आमच्याकडे फलोदीला राहायला आली. तिला तिथे करमेना. भाषा कळेना, पाणी जड, शेजारी घुंघटातले. दिवसभर खिडकीशी बसायची आणि संध्याकाळी मला एकच विचारायची, "परतीचं तिकीट कधीचं रे?" एका रविवारी तिला जबरदस्तीने खीचनला नेलं. गच्ची चढवताना कुरकुर चालली होती. पहिला थवा उतरला आणि ती उभीच राहिली. म्हणाली, "अरे, हे तर आपले करकोचे! माळावरच्या हरभऱ्यात उतरायचे. तुझे आजोबा पत्र्याचा डबा बडवत धावायचे." मी तिचा मुलगा, तिथलाच, आणि मला हे ठाऊकच नव्हतं. आपल्या सोलापूरकडे, उजनीच्या बाजूला, हे पक्षी थंडीत येतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. आईने ते डबा वाजवून हाकललेले होते. त्या घरची म्हातारी शेजारी बसली होती. ती म्हणे कुरजां, आई म्हणे करकोचा. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी तासभर बोलत होत्या. आईने हाताने डबा बडवून दाखवला तेव्हा ती म्हातारी इतकी घाबरली! तिच्या मते कुरजांला हाकलणं म्हणजे पाप. आई म्हणाली, "बाई, तुमच्याकडे दानाची ज्वारी आहे, आमच्याकडे पोटाची होती." हे मी हिंदीत सांगायचं टाळलं.

आता थोडं कडू बोलतो. एका नोव्हेंबरच्या सकाळी, गावाबाहेर तलावाकडे जाणाऱ्या विजेच्या तारेखाली एक कुरजां पडलेली दिसली. जिवंत होती. डावा पंख खांद्याशी मोडून लोंबत होता. मी तेव्हा जे बोललो ते आज सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "एवढा मोठा पक्षी, एवढी मोठी तार, दिसत नाही का त्याला?" बासा माझ्याशी तोवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "साब, तार तुम्हारी नई है, रास्ता उसका पुराना है." पोत्यात गुंडाळून आम्ही तिला गावातल्या पक्षी सांभाळणाऱ्या माणसाकडे नेलं. दुसऱ्या रात्री ती मेली. तिचा जोडीदार त्या तारेच्या आसपास तीन दिवस ओरडत फिरत होता, ते आम्ही रोज ट्रॉलीवरून ऐकत होतो.

मग मी वाचलं. पक्ष्याला तार खरंच दिसत नाही, आणि यात त्याचा मूर्खपणा नाही. करकोच्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात. समोरचं त्याला अरुंद पट्ट्यातच दिसतं. उडताना तो उतरायची जागा बघायला मान खाली करतो, तेव्हा नेमकं पुढचं दिसेनासं होतं. आफ्रिकेतल्या निळ्या करकोच्यावर आणि तिकडच्या माळढोकावर हे मोजून दाखवलं गेलं आहे. त्यात सगळ्यांत वरची, विजा झेलणारी तार बारीक असते, ती आणखी दिसत नाही. आपला माळढोक याच कारणाने जैसलमेरकडे मरतोय. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्या सोलापूरचं. तिथला माळढोक कसा दिसेनासा होत गेला ते मी लहानपणापासून ऐकत आलो. माळढोकासाठी तारा जमिनीखाली घाला, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला, आणि सगळीकडे ते जमणार नाही म्हणून मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. खीचनच्या लोकांनीही तारांसाठी न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला. पाखरांसाठी कोर्टाची पायरी चढणारं गाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

दाणे घालण्यावरही वाद आहे, तो लपवत नाही. काही जाणकार म्हणतात, एका जागी एवढे पक्षी जमवले की रोग पसरतो. त्यांचं खोटं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कापरड्याला कुरजां शेकड्याने मेल्या, बर्ड फ्लू निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये फलोदी-खीचनकडेही तेच. दुसरीकडे, माळरानं नांगरली जात असताना त्यांनी जायचं कुठे? जून २०२५ मध्ये खीचनला रामसर यादीत स्थान मिळालं, त्यामुळे तलावांकडे तरी लक्ष राहील. माझं मत विचाराल तर दाणा असावा, पण एकाच अंगणात नसावा. गावात हे बोललो तेव्हा मला चहा मिळाला, होकार मिळाला नाही.

आता एक गोष्ट खास आपल्या टीआरडीवाल्या मित्रांसाठी. पाहतोय, तिघेजण मागे दुधाच्या पातेल्याजवळ उभे आहेत, पुढे या. आपल्या लाईनवर आता विजेचे खांब उभे आहेत. संपर्क तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर. त्यात वाईट काही नाही, डिझेलच्या धुरापेक्षा बरंच. पण पाण्याजवळच्या भागात कुरजां तलावावरून उडते तेव्हा सुरुवातीला बरोबर याच उंचीवर असते. अशा जागा फार नाहीत. माझ्या डायरीत किलोमीटर आणि खांबांच्या नंबरांसह लिहून ठेवल्या आहेत. तारेवर फिरत्या चकत्या बसवता येतात, त्या पक्ष्याला लांबून दिसतात. त्या कुठे बसतील, कुठे नाही, हे माझ्या डिप्लोमात नव्हतं, तुमच्या आहे. मला फक्त एक दिवस द्या. मी ट्रॉली काढतो, तुम्ही बरोबर बसा, जागा बघा आणि काय शक्य आहे ते सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, पण जागेवर येऊन म्हणा.

बासा २०१८ साली निवृत्त झाले. त्यांना फोन करून अजून चहाची पैज लावतो, अजून हरतो. आई आता बार्शीला माझ्या भावाकडे असते. सप्टेंबरात पहिली ओळ दिसली की मी तिला कळवतो. मग नोव्हेंबर-डिसेंबरात कधीतरी तिचा फोन येतो. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. म्हणते, "काल रात्री वरून गेले रे. तू पाठवलेले पोचले." ते मी पाठवलेले नसतात हे तिला माहीत आहे. आता ती तिकिटाचं विचारत नाही. उलट मीच तिला विचारतो, यंदा किती उतरले?

येत्या रविवारी खीचनला जायचं ठरवलं आहे. बस मंडळाच्या दारातून पहाटे साडेतीनला सुटेल, म्हणजे साडेतीनलाच, उत्सवाच्या मिरवणुकीसारखी नाही. भडक कपडे घालू नका, मुलांना शिट्ट्या देऊ नका, मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, मला सांगा. घोंगडी आणि पोळीभाजी आपापली. नावं आमच्या सौ.कडे द्यायची.

सेक्रेटरीसाहेब हात करतायत. दूध आटलं वाटतं.